थैली, ठराव आणि सही

ख्रिस्ती मंडळीच्या (चर्चच्या) समितीवर निवडून आलं की रविवारी प्रार्थना होऊन पद मिळतं, आणि त्याच आठवड्यात कोणीतरी चेकबुक घेऊन सहीला येतं. त्यातला एखादा चेक कोरा असतो. "आधीचे खजिनदार चार-पाच सह्या करूनच ठेवायचे, धावपळ नको म्हणून," असं सांगितलं जातं, आणि सांगणारा बहुधा खरंच बोलत असतो.

पुण्यातल्या एका जुन्या मराठी मंडळीत आम्ही काही जणांनी पाठोपाठ ही पदं सांभाळली. कोणी सचिव होतं, कोणी खजिनदार, कोणी नुसते विश्वस्त. मंडळीचं नाव देत नाही. कारभार बिघडला होता आणि सगळ्यांना ते माहीत होतं. पण आमच्या पाहण्यात अशा ठिकाणी पैसे खाणारा एखादाच निघतो. बाकीचे कागद न मागता चालवून घेणारे असतात आणि त्यांतले पुष्कळ भले, प्रार्थनाशील लोक असतात. म्हणून आम्ही माणसं शोधत न बसता कागद लावायला घेतले. त्या कामाचा क्रम आणि त्यात कुठे काय अडतं, ते इथे मांडतो.

सुरुवात ढोले पाटील रस्त्यावरच्या धर्मादाय कार्यालयापासून. तिथे नकलेचा अर्ज करून आपल्या न्यासाच्या (मंडळीच्या नोंदलेल्या ट्रस्टच्या) परिशिष्ट १ ची, म्हणजे सरकारी नोंदवहीतल्या उताऱ्याची, प्रमाणित प्रत काढायची. त्यावर विश्वस्त म्हणून कोणाची नावं आहेत ते पाहायचं. जुन्या मंडळ्यांत हमखास निघणारी गोष्ट म्हणजे त्यातले काही जण प्रभूच्या घरी गेलेले असतात, काही पुणं सोडून गेलेले असतात आणि सध्या सह्या करणाऱ्यांपैकी कोणाचंच नाव तिथे नसतं. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम २२ प्रमाणे विश्वस्त बदलले की ९० दिवसांत बदल अर्ज द्यावा लागतो. एका निवडणुकीचा अर्ज राहिला की पुढच्यांचेही लटकतात. कारण ज्यांची नावं नोंदवहीत नाहीत त्यांनी बोलावलेली सभा वैध कशी, हा प्रश्न अर्जाला हरकत घेणाऱ्यांचा वकील पहिल्याच तारखेला विचारतो. त्यामुळे जुना अर्ज आधी, नवा नंतर, असे ते ओळीने लावावे लागतात. उशीर माफ करून घेण्याची तरतूद आहे, पण त्याचं कारण लेखी द्यावं लागतं.

अर्ज अडतो तो नोटिशीवर. मंडळीच्या घटनेत सभेची नोटीस अमुक दिवस आधी द्यावी असं लिहिलेलं असतं आणि प्रत्यक्षात ती उपासनेच्या शेवटी व्यासपीठावरून वाचून दाखवलेली असते. ती वाचली याचा पुरावा काय? आम्ही तिन्ही गोष्टी करू लागलो: फलकावर नोटीस लावून तारखेसह फोटो, नोटीस वहीत सभासदांच्या सह्या, आणि न आलेल्यांना पोस्टाने. पोस्टाच्या पावत्या इतिवृत्ताच्या फाइलमध्येच टाचायच्या. त्यासोबत हजेरीपत्रक, ठराव, नव्या विश्वस्तांची संमतीपत्रं, गेलेल्यांचा राजीनामा किंवा मृत्यूचा दाखला. सगळं सभेच्या आठवड्यातच गोळा होतं, सहा महिन्यांनी होत नाही.

पदभार तोंडी घेऊ नये. त्या तारखेची बँकेतली शिल्लक, हातातली मोजलेली रोख, मुदत ठेवींच्या मूळ पावत्या, वापरलेल्या आणि कोऱ्या पावती पुस्तकांचे अनुक्रमांक, उरलेले चेक, मिळकत कराच्या पावत्या, मागचे लेखापरीक्षण अहवाल, प्रभुभोजनाचे चांदीचे प्याले आणि तबकं, बाप्तिस्मा-विवाह-दफन यांची रजिस्टरं, या सगळ्याची यादी करून दोन्हीकडच्या सह्या. आधीचे पदाधिकारी काही देत नसतील तर ‘मिळाले नाही’ अशी दुसरी यादी करायची आणि पहिल्याच सभेत ती इतिवृत्तात घ्यायची. भांडायची गरज नसते. ही दुसरी यादी लिहिली नाही, तर वर्षभराने हरवलेली पावती पुस्तकं नव्या खजिनदाराच्या नावावर लागतात.

रजिस्टरांबद्दल एक वेगळी सूचना. तारीख मागे घेऊन बाप्तिस्म्याचा किंवा लग्नाचा दाखला द्या, अशी मागणी शाळाप्रवेश, पासपोर्ट, वारसाहक्क अशा कुठल्याही निमित्ताने येते आणि मागणारं घर मंडळीतलंच असतं. लग्नाचं रजिस्टर १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्याखाली ठेवलेलं असतं. तिथे खाडाखोड म्हणजे पाळकसाहेबांच्या (मंडळीच्या धर्मगुरूंच्या) गळ्याला फास. दाखल्याची स्थळप्रत ठेवायची आणि रजिस्टर चर्चबाहेर न्यायचं नाही, एवढं पाळलं तरी पुरतं.

आता थैली, म्हणजे उपासनेत अर्पणासाठी फिरणारी पिशवी. सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो आणि सगळ्यात जास्त नाराजीही इथेच होते.

अर्पण मोजण्याची रीत पवित्र शास्त्रातच आहे आणि ती फार व्यवहारी आहे. २ राजे १२ मध्ये योवाश राजाच्या २३ व्या वर्षापर्यंत मंदिराची डागडुजी झालेली नव्हती, कारण पैसा याजकांच्या हातून जात होता. तिथे कोणाला शिक्षा झाल्याचं लिहिलेलं नाही. यहोयादा याजकाने एका पेटीच्या झाकणाला भोक पाडलं, ती वेदीजवळ ठेवली, आणि पेटीत पैसा जमला की राजाचा चिटणीस आणि प्रमुख याजक दोघे मिळून तो मोजून थैल्यांत बांधू लागले. एक माणूस राजवाड्याचा, एक मंदिराचा. एकाच घरातले दोघे मोजायला बसवले तर या रचनेत काही उरत नाही. नहेम्यानेही १३ व्या अध्यायात कोठारावर एक याजक, एक शास्त्री, एक लेवी (मंदिरसेवेच्या वंशातला) आणि त्यांच्या हाताखाली एक असे चौघे नेमले.

आमची रीत अशी बसली. उपासना संपल्यावर थैल्या सरळ ऑफिसात. मोजायला दोघे, एकमेकांच्या नात्यातले नाहीत, आणि त्यांत खजिनदार नाही. छापील तक्त्यावर ५००, २००, १००, ५०, २०, १० च्या नोटा आणि नाणी वेगवेगळी. दशांशाचे (उत्पन्नाच्या दहाव्या हिश्शाचे) आणि वर्गणीचे लिफाफे वेगळे उघडायचे आणि आतली रक्कम लिफाफ्यावरच्या आकड्याशी जुळवायची. जुळली नाही तर दोघांनी त्याच लिफाफ्यावर सही करून ठेवायचा. तक्त्याच्या दोन प्रती, एक खजिनदाराकडे, एक सचिवाकडे. सोमवारी संपूर्ण रक्कम बँकेत, आणि भरणा स्लिप तक्त्याला टाचलेली.

‘संपूर्ण’ या शब्दावरच घोडं अडतं. थैली मोजण्याआधीच त्यातून साउंडवाल्याचे पैसे, पाहुण्या वक्त्याचं मानधन, चहा-वडापाव दिला जातो आणि उरलेली रक्कम ‘आजचं अर्पण’ म्हणून लिहिली जाते. यात चोरी झालेली नसते. पण जमाही कमी दिसते आणि खर्चही, दोन्हीला कागद नसतो, आणि पुढे कोणी खरंच पैसे काढले तर ते शोधायला जागाच उरत नाही. उपाय म्हणून किरकोळ खर्चासाठी ५,००० रुपयांची कायम रक्कम वेगळी काढली, व्हाउचरं दाखवली की तेवढीच पुन्हा भरायची. सुरुवातीला "रविवारी दुपारी बिल कुठून आणू?" असं ऐकावं लागतं. कोरी व्हाउचरं टेबलावर ठेवली की घेणाऱ्याची सही तरी मिळते.

हंगामाच्या सणाचा (सुगीबद्दल देवाचे आभार मानण्याच्या सणाचा) लिलाव हा स्वतंत्र विषय आहे. घरचा केक, नारळ, पपई, कोंबडी यांच्यावर बाजारभावाच्या कितीतरी पट बोली लागते, कारण ते अर्पणच असतं. घेणारा वस्तू परत देतो आणि तोच नारळ पुन्हा लिलावात निघतो. उत्साहात बोली होते, वस्तू घरी जाते आणि पैसे ‘पुढच्या रविवारी’. ते रविवार येत नाहीत. लिलावाच्या जागी एक माणूस फक्त वहीला बसवायचा: बोलीचा क्रमांक, वस्तू, नाव, रक्कम, रोख की बाकी. पुन्हा विकलेल्या नारळाची नवी ओळ. पावती फक्त पैसे आल्यावर. बाकीची यादी समितीच्या पुढच्या सभेत वाचायची, व्यासपीठावरून नाही. एखाद्या घरची परिस्थिती मध्येच बिघडलेली असते, त्यांची बाकी ठरावाने सोडून देता येते.

महिला संघ, तरुण संघ, शब्बाथ शाळा (मुलांची रविवारची धर्मशाळा) यांची स्वतःची खाती असतात. तीही न्यासाचीच खाती आहेत, ताळेबंदात आलीच पाहिजेत. हे सांगणं नाजूक असतं. आमच्याकडे मावशींनी वर्षानुवर्षं पापड-लोणची विकून जमवलेला पैसा समितीने गिळू नये ही भीती रास्त होती, म्हणून खर्चाचा अधिकार त्यांच्याकडेच ठेवून फक्त हिशेब एकत्र केला. भिंतीवर लावलेला क्यूआर कोडही एकदा स्वतः १ रुपया पाठवून तपासावा. समोर न्यासाचं नाव येतं की एखाद्या व्यक्तीचं, ते लगेच दिसतं. करसवलत हवी असणाऱ्याने २,००० रुपयांवरची देणगी रोखीत दिली तर सवलत मिळत नाही, हेही पावती पुस्तकावर छापून टाकावं, वाद वाचतात.

परदेशी पाहुणा उपासनेला येतो, भारावतो आणि पाळकसाहेबांच्या हातात डॉलरची पाकिटं देतो. विदेशी अंशदान (परदेशी देणगी) कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसेल तर न्यासाला ते घेता येत नाही. नोंदणी असेल तरी पैसा स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच आला पाहिजे. २०२० च्या दुरुस्तीनंतर तो दुसऱ्या संस्थेला वर्ग करता येत नाही, आणि प्रशासकीय खर्च त्यातल्या २० टक्क्यांपर्यंतच. दुबईत नोकरी करणारा, भारतीय पासपोर्ट असलेला आपला मुलगा नेहमीच्या बँकिंग मार्गाने पैसे पाठवतो ते मात्र विदेशी अंशदान नव्हे. अमेरिकेचं नागरिकत्व घेतलेल्या भावाचं होतं, त्याच्याकडे ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं) असलं तरी. या फरकावर पुष्कळ मंडळ्या घसरतात.

पाळकांचा पगार ठरलेल्या तारखेला बँकेतून द्यावा. हे हिशेबाच्या भागात का? कारण तीन महिने पगार थकलेला पाळक थैलीतून घेतो, आणि मग त्याला कोणीही बोलू शकत नाही, त्यानेही कोणाला बोलू नये अशी सोय होते. समितीतल्या काहींना नेमकी तीच सोय हवी असते.

जमिनीकडे वळतो. पेठांतल्या मिळकतीची सिटी सर्व्हेची मिळकत पत्रिका काढायची. कॅम्प किंवा खडकीची जागा असेल तर जनरल लँड रजिस्टरमधली (लष्करी छावणीच्या जमिनींच्या नोंदवहीतली) नोंद पाहायची. मालक म्हणून बहुधा जुन्या मिशनचं किंवा धर्मप्रांताच्या ट्रस्टचं नाव असतं आणि स्थानिक मंडळी फक्त वापरणारी. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात सहा चर्च-संघटना एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं, पण माणसं एकत्र आली म्हणून मालमत्ता आपोआप एकत्र आल्या नाहीत. त्या सहांतल्या ब्रदरन मंडळीच्या गुजरातमधल्या मालमत्तेच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये हेच सांगितलं: नुसत्या ठरावाने न्यासाची मालमत्ता दुसरीकडे जात नाही, न्यासाच्या कायद्यातली रीत पाळावी लागते. तेव्हा ‘जागा आपलीच आहे’ असं म्हणून कोणी करार पुढे केला तर आधी कागदावर ‘आपण’ कोण ते पाहावं.

कलम ३६ प्रमाणे विक्री, अदलाबदल, बक्षीसपत्र यांना धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. भाडेपट्टा शेतजमिनीचा १० वर्षांपेक्षा जास्त किंवा इतर जमीन-इमारतीचा ३ वर्षांपेक्षा जास्त असेल तरीही. कर्ज काढायलाही परवानगी लागते. पळवाट सगळ्यांना पाठ असते: ११ महिन्यांचा परवाना करार पुन्हा पुन्हा, भाडं नावाला, आणि भलीमोठी ‘अनामत’. किंवा बिल्डरशी सामंजस्य करार करून बयाणा घ्यायचा आणि परवानगी ‘नंतर बघू’. बयाणा खर्च झाला की समिती बांधली जाते, मग नंतर आलेल्या प्रामाणिक माणसालाही तो करार पुढे न्यावा लागतो. आम्ही नियम केला की परवानगीचा आदेश हातात पडेपर्यंत एक रुपयाही घ्यायचा नाही. ठराव, सरकारमान्य मूल्यनिर्धारकाचा अहवाल, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस, सीलबंद देकार, ते उघडताना हजर असलेल्यांच्या सह्या, मग अर्ज. आयुक्त पाहतात ते न्यासाचं हित, फायदा आणि संरक्षण. ‘देवळाचं छप्पर गळतं’ हे कारण चालतं, पण छपराचं अंदाजपत्रक जोडावं लागतं.

लेखापरीक्षण दरवर्षी होतच असतं, वाचत कोणी नाही. अहवालासोबत एक प्रश्नावली असते. तपासणीच्या दिवशी रोख शिल्लक हिशेबाशी जुळली का, वर्षापेक्षा जुनी येणी किती, मोठ्या दुरुस्तीला निविदा मागवल्या का, एखादा विश्वस्त न्यासाचा देणेकरी किंवा घेणेकरी आहे का, सभा नियमित झाल्या आणि इतिवृत्त ठेवलं का. उत्तरं मागच्या वर्षीवरून उतरवलेली असतात. सही करण्याआधी प्रत्येक उत्तराला कागद मागायचा. सीए नाराज होत नाहीत, उलट बऱ्याचदा त्यांनाच हवं असतं की समितीतल्या कोणीतरी विचारावं.

हिशेब विचारणाऱ्यावर शास्त्रातली वचनं फेकली जातात. "माझ्या अभिषिक्तांना हात लावू नका" हे पहिलं. स्तोत्र १०५ उघडून दाखवावं: तिथे मूठभर, परक्या देशात भटकणाऱ्या कुलपित्यांसाठी देव राजांना धमकावतो आहे. ते वचन दुबळ्यांच्या बाजूचं आहे, खुर्चीच्या नाही. दुसरं २ राजे १२:१५, मजुरांना पैसे देणाऱ्यांकडून हिशेब मागत नसत कारण ते सचोटीने वागत. बरोबर आहे, पण त्याच अध्यायात आधी पेटी आणि मोजणारे दोघे बसवलेले आहेत. तिसरं १ तीमथ्य ५:१९, दोन-तीन साक्षीदारांशिवाय वडिलांविरुद्ध (म्हणजे मंडळीच्या पुढाऱ्याविरुद्ध) आरोप घेऊ नको. हे आम्हाला मान्य आहे, ऐकीव गोष्टीवर आम्ही एकही कागद हलवला नाही. मात्र २० वं वचनही वाचावं, तिथे पाप करणाऱ्यांना सगळ्यांदेखत दोष द्यायला सांगितलं आहे. आणि १ करिंथ ६, भाऊ भावावर फिर्याद करतो. पौल म्हणतो अन्याय सोसून का घेत नाही? स्वतःवरचा अन्याय जरूर सोसावा. विश्वस्ताच्या हातातला पैसा त्याचा नसतो, विधवांच्या मदतनिधीतली तूट तो उदारपणे सोडून देऊ शकत नाही.

मत्तय १८ चा क्रम मात्र कामाला येतो, कायद्याच्या दृष्टीनेही. आधी एकट्याने, आणि प्रश्न म्हणून: "पाळकसाहेब, या पावती पुस्तकाची स्थळप्रत सापडत नाही, तुमच्याकडे राहिली का?" पुष्कळदा खरंच राहिलेली असते. मग एक-दोघांना घेऊन, लेखी. मग समितीपुढे. तिथेही बहुमत विरोधात गेलं तर विरोध इतिवृत्तात नोंदवायचा, विशेषणं न वापरता: "तीन दरपत्रकं न मागवता काम दिलं जात असल्याने माझा विरोध नोंदवावा." चिठ्ठीवर लिहून सभेतच सचिवांना द्यायचं आणि प्रतीवर पोच घ्यायची. पुढच्या सभेत इतिवृत्त कायम करताना ते गाळलेलं दिसलं तर तिथल्या तिथे हरकत. इतिवृत्ताच्या पानांना छापील क्रमांक असावेत, सुटे टाइप केलेले कागद चिकटवण्याची पद्धत बंद करावी. व्हॉट्सॲपच्या गटावर काहीच टाकू नये. खरं असलं तरी, अब्रुनुकसानीची नोटीस आली की मूळ हिशेब बाजूला राहतो आणि सगळे त्या नोटिशीवरच बोलू लागतात.

एका बाबतीत हा क्रम लावायचाच नाही. वसतिगृहात, शब्बाथ शाळेत मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर पॉक्सो कायद्याप्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, न कळवणं हा गुन्हा आहे. आधी समिती, आधी बिशप, आधी प्रार्थना असं काही नाही. १०९८ वर फोन करता येतो.

धर्मादाय आयुक्तांकडे तक्रार हा शेवटचा टप्पा. कलम ३७ खाली तपासणी होऊ शकते, ४१अ खाली निर्देश मिळू शकतात, ४१ड खाली विश्वस्त निलंबित किंवा दूर होऊ शकतात. वेळ लागतो, तारखा पडतात, दोन्ही बाजू न्यासाच्याच पैशाने वकील लावतात. तक्रारीत पाचच मुद्दे असावेत, प्रत्येकाला कागद. चाळीस मुद्द्यांच्या तक्रारीतले पस्तीस ऐकीव निघाले की उरलेल्या पाचांनाही वजन राहत नाही.

काही जण शेवटी राजीनामा देतात, आणि तो चुकीचा असतोच असं नाही. मुख्य हिशेब दाखवायलाच नकार असेल, किंवा तुमची सही नसलेले चेक तुमच्या नावाने वटत असतील, तर त्याच दिवशी बँकेला लेखी कळवून बाहेर पडावं. पण राजीनाम्याने त्याआधीच्या काळाची जबाबदारी जात नाही, आणि बदल अर्ज मंजूर होईपर्यंत परिशिष्ट १ वर तुमचंच नाव राहतं. समिती तो अर्ज मुद्दाम दाखल करत नाही, हे आम्ही पाहिलं आहे. म्हणून राजीनाम्याची प्रत धर्मादाय कार्यालयात आवक क्रमांकासह द्यावी, ताबा यादीवर सह्या घ्याव्यात, आपल्या काळातले मोजणी तक्ते, बँक विवरणं आणि विरोध नोंदवलेल्या इतिवृत्तांच्या प्रती पदावर असतानाच रीतसर मागून ठेवाव्यात. पद सुटल्यावर त्या मागायला नकलेचा अर्ज, शुल्क आणि नव्या सचिवांची मर्जी, तिन्ही लागतात.